ओंटारिओच्या मुली आणि आणखी एका संघाचा प्रश्न

हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान, मेजर ध्यानचंद आणि १९२८ चे ॲम्स्टरडॅम उभे राहते. आज जिच्याविषयी बोलायचे आहे ती हॉकी निराळी. ती बर्फावर, पायांत पोलादी पात्यांचे बूट चढवून खेळतात; चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते आणि एका वेळी एका बाजूचे सहाच खेळाडू बर्फावर उतरतात. कॅनडात ती खेळांतली राणी आहे, आणि कॅनडाचा ओंटारिओ हा प्रांत तिचे मोठे माहेर. या प्रांतात गेली शंभर वर्षे एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे : मुलींचा आणखी एक वरच्या दर्जाचा संघ उभा राहील, इतक्या मुली येथे आहेत काय?

प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तर तयारच असते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हा त्याचा युक्तिवाद. इतिहास काय सांगतो ते पाहू.

मुलींची हॉकी ही काही अलीकडची टूम नव्हे. ज्यांच्या नावाचा चषक आजही पुरुषांच्या हॉकीत सर्वांत मानाचा समजला जातो, ते गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली. त्यांची कन्या इझोबेल १८८९ च्या सुमारास ऑटवाच्या सरकारी निवासस्थानातील बर्फावर खेळत असे. १९२२ साली ओंटारिओत स्त्रियांची स्वतंत्र हॉकी संघटना निघाली. पण खरी कथा सुरू होते ती प्रेस्टन नावाच्या एका लहानशा गिरणगावात.

१९३१ साली या गावातल्या, उन्हाळ्यात सॉफ्टबॉल खेळणाऱ्या काही मुलींना हिवाळ्यात काय करावे हे सुचेना. त्यांनी हॉकीचा संघ काढला आणि त्याला नाव दिले ‘रिव्ह्यूलेट्स’, म्हणजे ओहोळ. गाव केवढे, तर काही हजार वस्तीचे. संघात रॅन्सकोम घरातल्या दोघी बहिणी, श्मक घरातल्या दोघी. जणू दोन चुलींवरच निम्मा संघ शिजलेला! या ओहोळाचा पुढे महापूर झाला. दहा वर्षांत सुमारे साडेतीनशे सामने, त्यांत हार फक्त दोनदा, असा हिशेब लोक सांगत आले. पुढील संशोधकांनी हा आकडा फुगलेला ठरविला आहे, आणि तो तसा असावा असेच मलाही वाटते. तथापि १९३३ साली पश्चिमेकडे जाऊन एडमंटनच्या ‘रस्टलर्स’ संघाकडून पत्करलेला पराभव सोडला, तर त्या दशकात त्यांना तोडीस तोड म्हणून फारसे कोणी भेटले नाही, याविषयी दुमत नाही.

एवढ्याशा गावातून एवढा संघ निघतो, तेव्हा ‘मुली आहेत कोठे?’ हा प्रश्न निकालात निघाला असे वाटेल. पण कथेची दुसरी बाजूही आहे. हिल्डा रॅन्सकोम आघाडीला असता कोणाशी खेळायचे? संघ म्हणजे काही नाटक मंडळी नव्हे, की एकाच कंपनीने खेळ लावावा आणि गावाने पाहावा. समोर दुसरा संघ लागतो, आणि तोही असा की ज्याच्याशी हरण्याची भीती वाटावी. जवळपास तसे संघ राहिले नाहीत. सामने एकतर्फी होऊ लागले, दूरच्या प्रवासाला पैसा पुरेना, आणि महायुद्धाने पेट्रोलवर रेशन आणले तेव्हा दोरी तुटली. १९४० नंतर हा संघ मोडला. प्रांतातील स्त्रियांची संघटनाही त्याच सुमारास विराली. येथे खेळाडू अपुऱ्या पडल्या हे खरे, पण पहिल्या संघासाठी नव्हे. दुसऱ्या आणि तिसऱ्या संघासाठी. आणि ते संघ उभे करण्याची काळजी कोणी घेतली नव्हती.

पुढची पंधरा-वीस वर्षे मुलींना बर्फच मिळेना. रिंकचे तास मोजके, आणि ते मुलांच्या संघांनी आधीच वाटून घेतलेले. १९५५-५६ च्या हंगामात टोरांटोत अ‍ॅब हॉफमन नावाचा नऊ वर्षांचा एक बचावपटू निवडक खेळाडूंच्या संघात घेतला गेला. जन्माचा दाखला तपासला तेव्हा कळले, की हा अ‍ॅब नसून अ‍ॅबिगेल आहे. ती न्यायालयापर्यंत गेली आणि हरली. पुढे हीच मुलगी ८०० मीटर धावण्यासाठी चार ऑलिंपिकांत उतरली. मुली कमी आहेत असे ज्या काळात म्हणत, त्या काळातली ही एक न मोजलेली मुलगी.

१९७५ साली ओंटारिओत स्त्रियांची नवी हॉकी संघटना उभी राहिली आणि दहा वर्षांत तिच्यापुढे मोठे धर्मसंकट आले. १९८५ साली बारा वर्षांची जस्टीन ब्लेनी मुलांच्या संघात गुणांवर निवडली गेली. नियमाने तिला खेळू दिले नाही. ती न्यायालयात गेली. आश्चर्य हे, की तिला विरोध करणाऱ्यांत स्त्रियांचीच संघटना होती! त्यांचे म्हणणे : चांगल्या मुली मुलांकडे गेल्या तर आमच्या संघांत उरणार कोण? या भीतीला हसू नये. ज्यांनी काडी काडी जमवून घरटे बांधले, त्यांना एक काडीही जड वाटते. पण एका मुलीच्या हक्काने साऱ्यांच्या संघाची भरती करावी, हे न्यायाचे नव्हे. आणि १९८६ साली अपील न्यायालयाने ब्लेनीच्या बाजूने कौल दिला तो मला योग्य वाटतो.

भीती मात्र खरी ठरली नाही. १९९०-९१ साली साऱ्या कॅनडात नोंदलेल्या स्त्री-खेळाडू ८,१४६ होत्या. २००९-१० साली त्या ८५ हजारांवर गेल्या, आणि त्यांत ओंटारिओचा वाटा सर्वांत मोठा. याचे श्रेय एका निकालाला देणे चूक होईल. १९९० साली ऑटवात पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि कॅनडाने ती जिंकली. १९९८ साली नागानोत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. विहिरीचा उपसा सुरू झाला की बुजलेले झरे मोकळे होतात, हे आपल्याकडचा कोणताही शेतकरी सांगेल.

मग वरच्या पातळीवर काय घडले? येथे तर प्रश्नच उलटा झाला. २००७ साली निघालेली कॅनडातील स्त्रियांची लीग २०१९ साली बंद पडली, ती पैशाअभावी. त्याच वर्षी कॅनडा-अमेरिकेतील सुमारे २०० नामांकित खेळाडूंनी, योग्य व्यवस्था होईपर्यंत कोणत्याही लीगमध्ये खेळणार नाही, असे जाहीर केले. खेळाडू होत्या, संघ नव्हते! १ जानेवारी २०२४ रोजी नवी व्यावसायिक लीग सुरू झाली ती सहा संघांनी. त्यांतले दोन, टोरांटो आणि ऑटवा, ओंटारिओचे. संघात २३ जणी, म्हणजे सहा संघांत १३८ जागा. एवढ्या अफाट गोतावळ्यातून १३८ जणी!

तरी नोंदवहीवर विसंबू नये. प्रश्न हजारोंचा नाही, तेविसावी खेळाडू पहिलीच्या किती मागे आहे याचा आहे. आणि गोलरक्षकांचा आहे, कारण त्या घडायला वर्षे लागतात. २०२५ साली व्हँकूवर आणि सिअ‍ॅटल हे दोन संघ वाढले तेव्हा जुन्या प्रत्येक संघाला चार-चार खेळाडू सोडाव्या लागल्या, आणि ते दुखणे खरे होते. त्या रिकाम्या जागांसाठी जूनमध्ये नव्या मुलींची निवड झाली, तीही ऑटवातच. तेथे सर्वांत आधी पुकारले गेलेले नाव ओंटारिओतले नव्हते, कॅनडातलेही नव्हते. ते होते चेक देशातून अमेरिकेतल्या महाविद्यालयात शिकायला आलेल्या क्रिस्टिना काल्टौनकोव्हाचे, आणि तिला घेतले न्यूयॉर्कने.