स्वस्त डिस्कची एकजूट

दोन-चार डिस्क मावणारी, घरच्या नेटवर्कला जोडायची पेटी विकत आणली की ती सुरुवातीलाच विचारते: रेड ०, १, ५ की ६? बरीच मंडळी डोळे मिटून एक आकडा निवडतात. मुलांचे लहानपणचे फोटो, कॅसेटवरून उतरवून घेतलेला आजीचा आवाज, मंडळाच्या नाटकांची चित्रणं, सगळं मग त्या एका आकड्याच्या भरवशावर. हे आकडे आले कुठून, त्याची गोष्ट मोठी रंजक आहे.

१९८७ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक अहवाल लिहिला. १९८८ मध्ये तो सिगमॉड परिषदेत मांडला गेला. त्या काळी मोठ्या कंपन्यांची माहिती आयबीएम ३३८० सारख्या अवाढव्य, महागड्या यंत्रांवर असे. त्याची क्षमता ७,५०० मेगाबाइट. दुसरीकडे पर्सनल कॉम्प्युटरसाठी कॉनर पेरिफरल्सची १०० मेगाबाइटची चिमुकली डिस्क आली होती. (आजच्या फोनवरचं फोर-के चित्रण तिच्यावर मिनिटभरही मावणार नाही!) मग एका हत्तीऐवजी पंचाहत्तर बैल का जुंपू नयेत, असा या मंडळींचा विचार.

पण बैल आजारी पडतात. एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तर शंभर डिस्कच्या ताफ्यात दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एखादी बंद पडणार. ही स्वस्ताई अंगाशी येऊ नये म्हणून काही डिस्क जादा ठेवायच्या. नावही तसंच: ‘रिडंडंट अ‍ॅरेज ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’. पुढे उद्योगजगताने ‘इनएक्स्पेन्सिव्ह’च्या जागी ‘इंडिपेंडंट’ केलं. आपला माल स्वस्त आहे असं कुठला दुकानदार म्हणेल?

कल्पना कोरी नव्हती. टँडेम कंपनीच्या यंत्रांत प्रत्येक डिस्कची जुळी बहीण असेच, आणि आयबीएमच्या नॉर्मन केन औचींना गेलेली माहिती परत मिळवण्याच्या रीतीबद्दल १९७८ मध्ये पेटंट मिळालं होतं. बर्कलीच्या त्रिकुटाने या विखुरलेल्या युक्त्यांना १ ते ५ असे क्रमांक दिले आणि प्रत्येकीचा जमाखर्च मांडला. माझ्या मते खरं मोठं काम हेच.

१ म्हणजे हुबेहूब जोडी. २ आणि ३ आज जवळजवळ विस्मृतीत गेले. ४ आणि ५ मधली युक्ती मात्र सुंदर आहे. तीन डिस्कवरचे एकाच जागेचे बिट घ्या. त्यांतले ‘१’ मोजा. संख्या विषम असेल तर चौथीवर १ लिहा, सम असेल तर ०. आता कुठलीही एक डिस्क जाऊ दे, उरलेल्या तिघींवरून तिचा बिट ओळखता येतो. ४ मध्ये हा हिशेब एकाच डिस्कवर असल्याने काही लिहायचं म्हटलं की तिच्या दाराशी रांग लागे. ५ मध्ये तो सगळ्यांवर वाटून टाकला. दोन डिस्क गेल्या तरी तगणारा ६ नंतर आला. ० सुद्धा नंतरचाच. त्यात जादा काहीच नाही, एक गेली की सगळं गेलं!

चार टेराबाइटच्या चार डिस्क असल्या तर ० मध्ये १६, ५ मध्ये १२ आणि ६ मध्ये ८ टेराबाइट हाती लागतात. लोक १२ वर खूश होतात. पण मूळ गणितात प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे बिघडते असं धरलं होतं. आपण चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतो. त्या एकत्रच म्हाताऱ्या होतात. त्यात बदललेली डिस्क भरून निघायला कित्येक तास लागतात आणि तेवढा वेळ उरलेल्यांना अथपासून इतिपर्यंत वाचावं लागतं. दुसरी नेमकी तेव्हाच मान टाकते. म्हणून चार डिस्क असतील तर मी ६ घेईन, दोन असतील तर १.

आधी ५ घेऊ, मग बघू, असं म्हणता येतं का? सुरुवातीला मुळीच नाही. माहितीचे तुकडे सगळ्या डिस्कवर ठरावीक क्रमाने पसरलेले असतात; व्यवस्था बदलायची तर तुकडा न् तुकडा उचलून दुसरीकडे मांडायचा. २००६ मध्ये लिनक्सच्या २.६.१७ आवृत्तीत काम चालू ठेवून ५ मध्ये नवी डिस्क सामील करण्याची सोय आली, पुढे ५ वरून ६ वर जाणंही जमलं. घरगुती पेट्यांपैकी कितीतरी आतून लिनक्सवरच चालतात. २००७ मध्ये नेटगिअरने विकत घेतलेल्या इन्फ्रंट कंपनीची ‘एक्स-रेड’ तर हा विस्तार आपणहून करी. मात्र वाट बहुधा एकेरीच असते: १ वरून ५, ५ वरून ६. उलटं यायचं तर बहुतेक पेट्या सगळं पुसायला लावतात.

आणि चुकून पुसलेला फोटो कुठल्याही आकड्यात सगळ्या डिस्कवरून एकदमच जातो. तेव्हा आकडा बदलण्याआधी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा, ती उघडून, चार फोटो बघून खात्री करा, आणि दुसऱ्या गावातल्या कुणा नातेवाइकाकडे ठेवायला द्या.