दादासाहेब फाळके आणि व्यापारातला विनोद

कंपनीच्या बैठकीत माल मांडावयास उभा राहिलेला गृहस्थ आरंभी एखादा चुटका सांगतो. मंडळी हसतात, पण चुटका एकीकडे राहतो आणि माल दुसरीकडे. व्यवहारातला विनोद कसा असावा, हे पाहण्यासाठी आम्हां नाशिककरांना दूर जावयास नको. दादासाहेब फाळक्यांचे चरित्र उघडले म्हणजे पुरे.

दादासाहेब १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते जादूचे प्रयोग करीत, तेही आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने! पुढे विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी चित्रपटाचा घाट घातला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईस ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

मुंबईबाहेर मात्र अडचण आली. सुरतेस पहिल्या खेळाचे उत्पन्न अवघे तीन रुपये झाले, असे सांगतात. सहा-सहा तास नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला हा आखूड खेळ महाग वाटला, यात नवल नाही. लांबी वाढवा, नाही तर दर उतरवा, असा थिएटरवाल्यांचा आग्रह पडला. दादासाहेबांनी दोन्ही नाकारले आणि जाहिरात दिली, की या खेळात सत्तावन्न हजार चित्रे पाहावयास मिळतील! उत्पन्न तीनशे रुपयांवर गेले.

यातली मेख आम्हांला अशी दिसते, की गिऱ्हाइकाचाच गज हाती घेऊन त्यांनी आपला माल मोजून दाखविला. भरपूर हवे ना? मग मोजा! शिवाय आकडा पोकळ नव्हता. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात, ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट, गुणाकार ५९,२०० येतो. हीच आठवण सांगताना काही जण ‘दोन मैल लांब चित्र’ अशी पुस्ती जोडतात. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट! पहिली थट्टा मोजणीस उतरते, दुसरी नाही. हसून झाल्यावर गिऱ्हाईक हिशेब करतेच, आणि तेथे टिकेल तोच विनोद विक्रेत्याच्या उपयोगी पडतो.

त्याच वर्षी दादासाहेबांनी आपला व्यवसाय नाशकास आणला. येथे तयार झालेल्या ‘मोहिनी भस्मासुर’बरोबर त्यांनी ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी चित्रपटही दाखविला. मात्र सुरतेत उपयोगी पडले ते त्यांचे हसविणे एवढेच नव्हे. गिऱ्हाइकाची तक्रार त्यांनी आधी नीट ऐकून घेतली होती.