उंबरठ्यापाशी अडलेली शुश्रूषा



१८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील काळ्या लोकांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. ती मुक्ती आजाऱ्याच्या अंथरुणापर्यंत कितपत पोहोचली, एवढाच प्रश्न मी आज आपणांपुढे मांडणार आहे.

न्यूयॉर्कमध्ये घरोघरी जाऊन रुग्णसेवा करण्याचे कार्य लिलियन वॉल्ड यांनी १८९३ मध्ये आरंभिले. पुढे १९०० साली काळ्या वस्त्यांतील क्षयरोग्यांसाठी तेथील एका धर्मादाय संस्थेने जेसी स्लीट या काळ्या परिचारिकेस नेमले, तेही केवळ दोन महिन्यांच्या प्रयोगापुरते! त्यांच्या कामानेच ती नेमणूक टिकली. १९०६ मध्ये एलिझाबेथ टायलर वॉल्ड यांच्या संस्थेत रुजू झाल्या.

वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ ही योजना १९६५ च्या कायद्याने आली. भेदभाव पाळणाऱ्या रुग्णालयाला तिचा पैसा मिळणार नाही, असे शासनाने बजावताच १९६६ मध्ये शेकडो रुग्णालयांतील वर्णभेदाच्या भिंती कोसळल्या. वॉर्ड एक झाला की नाही, हे तपासनिसाला डोळ्यांनी पाहता येते. घराघरांतील शुश्रूषा मात्र अशी एका नजरेत मावत नाही.

शिवाय, शुश्रूषा करणारीचे मोल काय? १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्याने घरकामगारांना वगळले. त्यांत काळ्या स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. १९७४ मध्ये घरकामगार कायद्याच्या कक्षेत आले, परंतु वृद्धांची सेवा करणारीला केवळ ‘सोबतीण’ ठरवून बाहेरच ठेवले गेले. जमैकाहून आलेल्या एव्हलिन कोक यांनी जादा कामाच्या मोबदल्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. २००७ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. २०१३ चा सुधारित नियम २०१५ मध्ये अमलात आला. २०२५ मध्ये तोही मागे घेण्याचा प्रस्ताव पुढे आला.

२०१५ पासून घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्थांना तारांकित गुणमानांकन मिळू लागले आणि न दिसणारी विषमता मोजता येऊ लागली. एकाच वस्तीतील काळ्या रुग्णाला गोऱ्या शेजाऱ्याच्या तुलनेत उत्तम मानांकनाची संस्था लाभण्याचा संभव कमी, असे अलीकडील अभ्यासांत आढळले. रुग्णालयातून घरी परतताना हाती कोणत्या संस्थेचे नाव पडते आणि ती संस्था कोणाच्या दारी परिचारिका धाडते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

रुग्णालयाचे दार कायद्याने उघडले. परंतु घरातील सेवेला आणि ती करणाऱ्या हातांना समाजाने हलके लेखले, तोवर ती मुक्ती उंबरठ्यापाशीच अडून राहिली. मित्रहो, आपल्याही घरी आजाऱ्याचे अंथरूण बदलणाऱ्या बाईला आपण काय देतो, हे एकदा मनाशी पडताळून पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.