पिवळा दिवा, पांढरे धुके

घाटात धुके दाटले की गाडीला पिवळा दिवाच हवा, असे अनुभवी चालक सांगतात. वर्गात आपण त्याला कारणही जोडून देतो : पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी निळ्यापेक्षा जास्त, म्हणून त्याचे विकिरण कमी. आम्हीही हे उत्तर अनेक वर्षे दिले. ते चूक आहे.

रॅले यांनी १८७१ मध्ये मांडलेला नियम तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान कणांना लागू पडतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, तर धुक्याचे थेंब बहुधा काही मायक्रॉनचे किंवा त्याहूनही मोठे. तेथे गुस्ताव्ह मी यांचे १९०८ चे गणित लागते आणि रंगांमधला फरक जवळजवळ उरत नाही. तसे नसते तर धुके आकाशासारखे निळसर दिसले असते!

तरीही या पिवळ्या रंगाला एका देशाने कायद्याचे बळ दिले. फ्रान्समध्ये १९३६ च्या आदेशानंतर मोटारींना पिवळे पुढचे दिवे सक्तीचे झाले, ते युरोपातील नियम एकसारखे करताना १९९३ मध्ये ही सक्ती उठेपर्यंत. शत्रूच्या गाड्या ओळखता याव्यात म्हणून हा नियम झाला, अशीही एक गोष्ट सांगतात. तिच्यावर आमचा फारसा विश्वास नाही. निळा भाग गाळल्याने डोळे कमी दिपतात, हा युक्तिवाद त्यामानाने विचार करण्याजोगा. पण गाळणी म्हटली की थोडा प्रकाश वाया जाणारच.

धुक्याच्या दिव्याचे खरे मर्म रंगात नसून जागेत आणि झोतात आहे. तो खाली बसवतात. झोत रुंद, चपटा आणि वरून कापल्यासारखा असतो, त्यामुळे नजरेसमोरचे धुके उजळत नाही.

मागचा लाल धुके-दिवा मागून येणाऱ्यासाठी. गाडीला ट्रेलर जोडला की हे काम ट्रेलरच्या दिव्याला करावे लागते. युरोपातील जुन्या सात पिनांच्या जोडणीत दुसरी पिन त्याचीच, तिसरी अर्थची. बहुतेक दुखणी या तिसरीपाशी निघतात. १२ व्होल्टवर २१ वॉटचा दिवा पावणेदोन अँपिअर धारा घेतो, म्हणजे पेटलेल्या तारेचा रोध सुमारे ७ ओहम. अर्थच्या गंजलेल्या सांध्याने फक्त २ ओहमची भर घातली, तरी दिव्याला जेमतेम ९ व्होल्ट मिळतात आणि प्रकाश निम्म्याहून कमी होतो. सांधा पुरताच तुटला तर धारा दुसऱ्या दिव्यांतून वाट काढते. ब्रेक दाबला की भलतेच दिवे मिणमिणतात. मग चालक बल्ब बदलत बसतो.

दिवा बंद ठेवून मीटर लावला तर पुष्कळदा सारे ठीकच दिसते, कारण एखादा शाबूत धागाही मीटरला पुरतो. दिवा पेटवावा आणि ट्रेलरचा सांगाडा व बॅटरीचे ऋण टोक यांमधील विभवांतर मोजावे. ते अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेले, तर पॉलिश कागद घेऊन सांधा घासायला बसावे.