बाईंची रजा आणि वर्गाची तयारी

आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये 'बदली' म्हणजे काय हे घराघरांत माहीत होतं. कंपनीतला कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या मशीनवर बदली कामगार उभा राहायचा. भोंगा वेळेवर वाजायचा, काम चालू राहायचं. शाळेत बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तर त्यांच्या जागी उभं राहायला मात्र कुणी नसे. स्मरणिकेत इमारतीचा, निकालांचा, मुख्याध्यापकांचा इतिहास इतर कुणी लिहिलाच असेल. मी या रिकाम्या खुर्चीबद्दल लिहिते. मी आपल्या शाळेत शिकले आणि पुढे चाकणजवळ शिक्षिका झाले, त्यामुळे बाकावरून आणि टेबलामागून अशा दोन्ही बाजूंनी हे पाहिलं आहे.

आमचं सहावीचं वर्ष १९८४-८५. महानगरपालिका होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, आणि सातारा, सांगली, खानदेश, मराठवाडा इथून माणसं येत राहिली. वर्गात आम्ही बासष्टजण. आमच्या वर्गशिक्षिका जानेवारीत रजेवर जाणार होत्या. आम्हाला एवढंच सांगितलं गेलं की बाई गावाला जाणार आहेत. मुलींना कारण ठाऊक होतं, कारण शिक्षकखोलीत डोहाळजेवण झालं होतं आणि शिपाईमामांनी उरलेले पेढे आम्हाला वाटले होते.

बाईंनी तयारी दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू केली. हजेरीपटात दर महिन्याला सगळी नावं नव्याने लिहावी लागत. त्यांनी जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या पानांवर बासष्ट नावं आधीच लिहून ठेवली. पुढच्या घटक चाचणीची स्टेन्सिल कापून मुख्याध्यापकांच्या कपाटात दिली. भूगोलाचे नकाशे गुंडाळून त्यांवर पाठाचं नाव लिहिलं. टाचणवहीत पुढच्या आठवड्यांची टाचणं इतकी सविस्तर लिहिली की कुठल्याही विषयाच्या शिक्षकाने उघडून शिकवावं. आम्हाला आठ गटांत बसवून प्रत्येक गटात एक चांगला वाचणारा आणि एक अडखळणारा ठेवला.

मला सर्वांत जास्त लक्षात राहिली ती वहीच्या शेवटच्या पानावरची यादी. कुणाचे वडील कुठल्या पाळीत, हे त्यात होतं. दुसऱ्या पाळीवाल्यांची प्रगतीपुस्तकावर सही सकाळीच मिळते, तिसऱ्या पाळीवाल्यांच्या घरी दुपारी दार वाजवू नये, अशा नोंदी होत्या. औद्योगिक गावातली बाईच अशी यादी करणार.

बदली शिक्षिका आलीच नाही. मराठीचे तास पीटीच्या सरांकडे गेले, गणिताला 'अ' आणि 'ब' तुकडी सभागृहात एकत्र बसू लागली. तरी वर्ग कोलमडला नाही, कारण टाचणवही होती. पीटीचे सर ती हातात धरूनच शिकवत, आणि आमच्या गटप्रमुखांना त्यातली पुढची ओळ आधीच पाठ असे.

रजा मिळत होती ती तरी कुठून आली? ती शाळेतून आलेली नाही, गिरणीतून आली आहे. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने बाळंतपणासाठी बारा आठवड्यांच्या रजेचा करार केला. १९२४ मध्ये ना. म. जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात मात्र पुन्हा विधेयक आलं आणि २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा. पण तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकालाही सुटका नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला आणि पैसे मालकाने द्यायचे ठरले. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने बारा आठवडे दिले. आमच्या बाईंची रजा राज्य सरकारच्या नियमांप्रमाणे ९० दिवसांची होती.

या सगळ्या वादात आईला पैसे कुणी द्यायचे यावर खूप बोलणं झालं. तिच्या जागी कोण उभं राहील, हे कारखान्यात आपोआप सुटत होतं, म्हणून ते कुणी विचारलं नाही. शाळेने गिरणीचा नियम घेतला, गिरणीतला बदली घेतला नाही.

परदेशात शाळांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मिटवला होता. इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या शिक्षिकेला नोकरी सोडायला लावायची प्रथा १९४४ च्या शिक्षण कायद्याने बंद झाली. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या शाळामंडळाचा नियम होता की प्रसूतीच्या पाच महिने आधी शिक्षिकेने घरी बसावं. वर्गात खंड पडू नये, हे त्याचं एक कारण सांगितलं गेलं. १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. शिक्षिकेने पुरेशी आधी सूचना दिली तर शाळेला बदली शोधता येतो, उलट तारीख अशी ठरवून टाकल्याने सत्राच्या मध्येच खंड पडू शकतो, असं न्यायालयाचं म्हणणं. पीटीच्या सरांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

बाई एप्रिलमध्ये परत आल्या तेव्हा बाळ तीन महिन्यांचंही नव्हतं. तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तर कारखान्यात पाळणाघर हवं, असा नियम १९७६ पासून होता. शाळेला तो लागू नव्हता. मधल्या सुट्टीत बाई भराभर चालत घरी जायच्या आणि घंटा होण्याआधी धापा टाकत परत यायच्या.

माझ्या स्वतःच्या रजेच्या वेळी, १९९८ मध्येही, ९० दिवसच होते. मीही नावं लिहिली, टाचणं लिहिली. २००९ मध्ये राज्यात १८० दिवस झाले आणि तयारीचा अर्थच बदलला. तीन महिने आधी लिहून ठेवता येतात. सहा महिने म्हणजे एक सत्र, ते दुसऱ्या माणसाच्याच हाती द्यावं लागतं. त्याच सुमारास चाकणला मोटारींचे मोठे कारखाने सुरू झाले आणि आमच्या वर्गात लातूर-नांदेडच्या मुलांशेजारी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं बसू लागली. वडिलांचं कंत्राट संपलं की मूल शाळा सोडतं, दुसरं येतं. जूनमध्ये केलेली यादी ऑगस्टमध्ये जुनी होते.

म्हणून आमच्या शाळेत सहकारी रजेवर जाणार असल्या की त्यांना मी एक वही करायला सांगते. त्यात पाठ नसतात, मुलं असतात. कुणाला मराठी समजतं पण बोलता येत नाही, कुणाची आई पहाटे कंपनीच्या बसने जाते म्हणून डबा नसतो, कुणाला पुढे बसवलं तरच फळा दिसतो. नवीन मूल आलं की पान वाढतं.

ही वही आता बहुतेक वेळा तासिका तत्त्वावर आलेल्या मुलीच्या हाती जाते. तिला घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एकीने सातवीचा वर्ग उत्तम सांभाळला. पुढच्या वर्षी तिच्याच बाळंतपणाची वेळ आली. तिला भरपगारी रजा नव्हती, तास थांबले तसे पैसे थांबले. जाण्याआधी तिने वही पूर्ण करून माझ्या टेबलावर ठेवली. वरची पानं मूळ बाईंच्या अक्षरात, पुढची हिच्या, आणि शेवटी तीन कोरी पानं, वर पुढच्या महिन्यांची नावं घातलेली.