किल्ल्याची नोंद आणि कासवाचा पत्ता

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमला आता ‘विजयदुर्ग’ असे नाव देण्यात आले आहे. भारतीय सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेल्या या किल्ल्याने आपले नवे नाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सागरी दुर्गाकडून घेतले. नाव बदलले, तरी त्याचा इतिहास सांगताना अभ्यासकाला अडचण येत नाही. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, रॉबर्ट क्लाइव्हच्या कारकिर्दीत त्याचे बांधकाम सुरू झाले आणि १७८१ मध्ये ते पूर्ण झाले. ही माहिती कागदोपत्री नोंदलेली आहे.

किल्ल्याच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर अलिपूरचे प्राणिसंग्रहालय आहे. तेथे मार्च २००६ पर्यंत ‘अद्वैत’ नावाचे एक महाकाय कासव होते. वजन सुमारे अडीचशे किलो. तेही क्लाइव्हचेच, असे परंपरा सांगते. मृत्यूसमयी त्याचे वय अडीचशे वर्षांहून अधिक असावे, असे जगभरच्या वृत्तपत्रांनी छापले. त्याची जात अल्डाब्रा कासवाची, म्हणजे मूळ घर हिंदी महासागरातील सेशेल्स द्वीपसमूहातले अल्डाब्रा हे प्रवाळबेट. क्लाइव्हने १७६७ मध्ये भारत कायमचा सोडला. कासव बराकपूरहून अलिपूरला आले ते १८७५च्या सुमारास. मधल्या शतकभराचा दुवा मात्र केवळ ऐकीव आहे.

एकाच माणसाशी जोडलेल्या दोन गोष्टी: एक दगडविटांची, एक जिवंत. पहिलीची जन्मतारीख आपल्यापाशी आहे, दुसरीची नाही. प्राणिसंग्रहालयांच्या इतिहासाचा मर्मबिंदू मला या फरकात दिसतो.

भौतिकशास्त्राला हा प्रश्न सोडवता येणार नाही का? अद्वैतच्या मृत्यूनंतर त्याच्या कवचाच्या कार्बन-१४ चाचणीची चर्चा झाली होती. सजीवाच्या ऊतीत कार्बनचा हा किरणोत्सारी समस्थानिक अल्प प्रमाणात असतो. ऊतीची देवाणघेवाण थांबली की तो क्षय पावू लागतो आणि सुमारे ५७३० वर्षांनी निम्मा उरतो. परंतु ही पद्धत जिथे आपल्याला हवी, नेमकी तिथेच दुबळी ठरते. साधारण १६५० ते १९५० या काळात वातावरणातील कार्बन-१४चे प्रमाण स्थिर नव्हते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सूर्य असाधारण शांत होता, त्यामुळे ते वाढले. पुढे कारखान्यांनी जाळलेल्या कोळशातून कार्बन-१४ नसलेला जुना कार्बन हवेत मिसळला आणि ते घटले. परिणामी १७५० सालची ऊती आणि १८५० सालची ऊती यांची मोजणी जवळजवळ सारखीच येऊ शकते. शिवाय कासवाच्या कवचाचे सर्वांत जुने थर झिजून गेलेले असतात. डीएनएवरून कासवाची जात निश्चित करता येईल; पण ते कोणत्या वर्षी, कोणत्या जहाजातून आले, हे डीएनए सांगत नाही. एखाद्या कारकुनाने तेव्हा वहीत लिहिली असती अशा एका ओळीची जागा आजचे कोणतेही उपकरण घेऊ शकत नाही.

तशी वही ठेवण्याचा विचार कोलकात्यात फार लवकर झाला होता, हे विशेष. गव्हर्नर जनरल मार्क्विस वेलस्ली हे नाव मराठी वाचकाला वसईच्या तहामुळे आणि १८०३च्या असईच्या लढाईमुळे परिचित आहे. त्या लढाईतला सेनापती त्याचा धाकटा भाऊ. याच वेलस्लीने १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले आणि १८०४ मध्ये भारतातील प्राण्यांच्या पद्धतशीर अभ्यासाची योजना मांडली. कंपनीच्या मुलखातील अधिकाऱ्यांनी आपापल्या भागातील पशुपक्षी पाठवावेत, हुगळीकाठच्या बराकपूर येथे ते ठेवावेत, डॉ. फ्रान्सिस बुकॅनन यांनी त्यांचे वर्णन लिहावे आणि भारतीय चित्रकारांनी त्यांची चित्रे काढावीत, असे तिचे स्वरूप होते. हलुदार या चित्रकाराने काढलेली प्राण्यांची चित्रे लंडनला गेली आणि आजही जतन केलेली आहेत.

ज्या यंत्रणेने मुलूख जिंकला, त्याच यंत्रणेकडे त्या मुलखातील प्राण्यांची नोंद सोपवली गेली, हे विसरता येणार नाही. तरीही योजनेचा गाभा शास्त्रीय होता: प्राणी, त्याचे वर्णन, त्याचे चित्र आणि त्याचा प्रदेश ही चारही अंगे एकत्र यावीत. १८०५ मध्ये वेलस्ली परतला, बुकॅननही त्याच्याबरोबर गेले, आणि बराकपूर हळूहळू गव्हर्नर जनरलांचे फेरफटक्याचे ठिकाण बनले. प्राणी राहिले, नोंदीमागची दृष्टी विरली. अद्वैतचे मौन त्या विरलेल्या दृष्टीचे फळ आहे.

प्रदेशाची नोंद इतकी महत्त्वाची का? १८३५ मध्ये गॅलापागोस बेटांवर तेथील प्रभारी अधिकारी लॉसन यांनी डार्विनला सांगितले की, कासव पाहून ते कोणत्या बेटावरचे हे मी ओळखू शकतो. तोपर्यंत डार्विनने दोन बेटांवरील पक्ष्यांचे नमुने एकमेकांत मिसळून टाकले होते. पुढे कोणता पक्षी कोणत्या बेटाचा हे ठरवण्यासाठी त्याला सहप्रवाशांच्या संग्रहांचा आधार घ्यावा लागला. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५२ मध्ये अॅमेझॉनच्या माकडांवरील निबंधात तक्रार केली की, संग्रहांतील नमुन्यांवर स्थळाचा नेमका उल्लेख नसतो. बाली आणि लोंबोक ही बेटे एकमेकांपासून जेमतेम पस्तीस किलोमीटरवर. पण त्यांच्यावरील प्राणिसृष्टी दोन वेगळ्या जगांतली आहे, हे वॉलेसना दिसले ते चिठ्ठीवर बेटाचे नाव लिहिण्याच्या शिस्तीमुळे. त्यांचा ‘प्राण्यांचे भौगोलिक वितरण’ हा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वीचे सहा प्राणिभौगोलिक प्रदेश त्यात विस्ताराने मांडले आहेत. त्या विभागणीचा आराखडा फिलिप स्क्लेटर यांनी पक्ष्यांच्या आधारे १८५८ मध्येच दिला होता.

त्याच १८७६ साली अलिपूरचे संग्रहालय जनतेसाठी खुले झाले. त्याच्या आरंभीच्या संग्रहात कार्ल लुई श्वेंडलर या जर्मन विद्युत्तज्ज्ञाच्या खासगी प्राण्यांचा मोठा वाटा होता; भारताच्या तारखात्यात तारांची परीक्षा करणारा हा माणूस प्राण्यांचाही तितकाच चाहता होता. संग्रहालय मुख्यतः देणग्यांवर उभे राहिले. देणगीत आलेल्या प्राण्याबरोबर दात्याचे नाव येते. प्राण्याचा पत्ता येतोच असे नाही.

ही उणीव ज्यांनी भरून काढली ते रामब्रह्म सान्याल. साध्या नोकरीतून वर चढून ते संग्रहालयाचे अधीक्षक झाले. १८९२ मध्ये त्यांनी बंदिवासातील प्राण्यांच्या व्यवस्थापनावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. सस्तन प्राणी आणि पक्षी मिळून शेकडो जातींचे खाद्य, निवारा, आजार व प्रजनन यांविषयीची निरीक्षणे त्यात आहेत. त्यांच्याच काळात, १८८९ मध्ये, अलिपूरला सुमात्री गेंड्याचे पिल्लू जन्मले. बंदिवासातील गर्भधारणेतून या जातीचे पुढचे यशस्वी प्रजनन झाले ते २००१ मध्ये, अमेरिकेतील सिनसिनाटी येथे. मध्ये ११२ वर्षे गेली. आज जगात या जातीचे पन्नासहून कमी प्राणी उरल्याचा अंदाज आहे.

याच जातीच्या दुसऱ्या एका मादीची कथा नोंदीचे मोल दाखवते. ‘बेगम’ नावाची ही मादी १८६८ मध्ये चितगावजवळ पकडली गेली आणि १८७२ मध्ये लंडनच्या संग्रहालयात पोचली. त्याच वर्षी तेथे मलाक्काहून आणखी एक मादी आली. दोघींचे मूळ प्रदेश ठाऊक असल्यामुळेच स्क्लेटर यांना तुलना करता आली आणि उत्तरेकडील केसाळ कानांचा प्रकार वेगळा असल्याचे ध्यानात आले. तो प्रकार आता बहुधा नामशेष झाला आहे. ‘चितगाव’ हा एक शब्द हरवला असता, तर तो नाहीसा झाल्याचेही आपल्याला कळले नसते.

उलट उदाहरण सिंहांचे. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांनी आशियाई सिंहाच्या संवर्धनासाठी प्रजननाचा कार्यक्रम चालवला होता. १९८७ मध्ये जनुकीय तपासणीतून दिसले की, मूळ पाच सिंहांपैकी दोघांत आफ्रिकी रक्त होते. पाटीवर ‘आशियाई’ लिहिलेली पुढची सारी संतती संकरित ठरली. भारतातही चंडीगडजवळच्या छतबीर येथे असाच संकर घडला. वर्षानुवर्षांचे कष्ट आणि शेकडो प्राण्यांची आयुष्ये एका चुकीच्या नोंदीपायी व्यर्थ गेली.

आता प्राणिसंग्रहालयांची रचना भूगोलानुसार करण्याकडे कल आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स येथे १९४१ मध्येच ‘आफ्रिकेची मैदाने’ उभी राहिली. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ पासून हम्बोल्ट पेंग्विन आहेत. ते पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यामुळे त्यांचा संबंध अंटार्क्टिकाच्या बर्फाशी नव्हे, तर दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागून वाहणाऱ्या थंड सागरप्रवाहाशी आहे. अशा मांडणीतून प्रेक्षकाला एक प्राणी नव्हे, तर एक प्रदेश समजावा ही अपेक्षा उत्तम आहे. मात्र सिमेंटचे खडक आणि रंगवलेली क्षितिजे म्हणजे भूगोल नव्हे. आजचे बहुतेक प्राणी बंदिवासातच जन्मतात. त्यांचा आफ्रिका खंड कित्येक पिढ्या मागे, केवळ वंशावळीच्या नोंदवहीत उरलेला असतो. ती वही चुकली, तर फलकावरचा प्रदेश निव्वळ नेपथ्य ठरतो.

१९९२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाला प्रत्येक संग्रहालयाने प्राण्यांची वार्षिक नोंद सादर करावी लागते, ती याचसाठी. २०२५ मध्ये अलिपूरच्या अशाच नोंदींतील प्राणिसंख्येच्या तफावतीवरून वाद उद्भवला आणि प्रकरण न्यायालयात गेले. अनेकांना तो कारकुनी तपशील वाटला असेल. पण वेलस्लीच्या योजनेपासून सान्यालांच्या ग्रंथापर्यंतचा इतिहास पाहिला, तर प्राणिसंग्रहालय हे विज्ञानाचे स्थान आहे की नुसता तमाशा, याचा निवाडा याच तपशिलात होतो.

विद्यार्थिमित्रांनो, यापुढे एखाद्या पिंजऱ्यासमोर उभे राहाल तेव्हा फलकावरील नावाबरोबर तीन प्रश्न विचारा: हा प्राणी कोठला? त्याचे आईबाप कोठले? आणि हे कोणी, केव्हा लिहून ठेवले? उत्तर न मिळाल्यास व्यवस्थापनाला लेखी विचारा. अद्वैतबद्दल हे प्रश्न वेळेवर कोणी विचारले नाहीत, आणि आता ते विचारायला उशीर झाला आहे.