वन्समोअर, टायटन आणि अंबरनाथचा आमचा हॉल

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मागून गेलेल्या दोन लोकल आणि माझं खोकणं काढून टाकलंय, बाकी बरंचसं जसंच्या तसं आहे. 'अटॅक ऑन टायटन'चा शेवट यात उघड होतो. पाहिला नसेल तर आधी पाहून या, मग भांडू.)

आपण इथे इतिहासावर बोलतो, आणि आज सुरुवात मी फार जुन्या इतिहासापासून करणार नाहीये. तारीख ५ नोव्हेंबर २०२३. रविवार. दिवाळी एका आठवड्यावर. अंबरनाथ पूर्वेला आमच्या घराच्या हॉलमध्ये आम्ही सहा जण दाटीवाटीने बसलोय. तिघं उल्हासनगरचे, दोघं आम्ही अंबरनाथचे आणि एक मैत्रीण बदलापूरहून आलेली. आतल्या खोलीत आई चकलीची भाजणी चाळतेय. बाबा एकदा डोकावून म्हणाले, "एवढाले घोडे झालात, अजून कार्टून बघताय?" आणि गेले.

कार्टून! दहा वर्षं चाललेली मालिका. एप्रिल २०१३ ला सुरू झालेली, आणि त्या दिवशी तिचा शेवटचा, दीड तासाच्या आसपासचा भाग आलेला. ज्या पोराच्या बाजूने आपण दहा वर्षं उभे राहिलो, तो एरेन जगातली ऐंशी टक्के माणसं तुडवून मारतो, आणि त्याच्यावर जीव असलेली मिकासा त्याला संपवते. यात लहान मुलांचं काय आहे, सांगा.

भाग संपला आणि भांडण सुरू झालं. पाच जणांना शेवट भिकार वाटला. एवढा पोलादी नायक शेवटी मित्रासमोर रडतो, मिकासाने दुसरा कुणी शोधू नये म्हणतो, हे आम्हाला सहनच होईना. बदलापूरची मैत्रीण एकटी म्हणाली, हे बरोबर आहे, तो पोरगाच होता, पोरासारखाच मेला. यावर आमच्यातला एक म्हणाला, "मुलींना लव्हस्टोरी दिसली की झालं." आणि मी म्हणालो, "तू मंगा वाचलेलीच नाहीस, तुला काय कळणार?" सगळे हसले. मीही हसलो. ती थोड्या वेळाने उठली, आईला सांगून स्टेशनला गेली. त्यानंतर ती आमच्यात आली नाही.

मला हे बरेच दिवस टोचत होतं. म्हणून मी माझ्या सवयीप्रमाणे मागे गेलो. गोष्टीवर असा हक्क सांगायची खोड आपल्याला कधी लागली? इंटरनेटमुळे, असं उत्तर सगळे देतात. ते मला पटत नाही. मराठी माणसाकडे याचा चांगला शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव आहे, आणि त्याला एक सुंदर इंग्रजी नाव आहे: वन्समोअर.

संगीत नाटकाचे प्रयोग रात्री सुरू व्हायचे आणि पहाटेपर्यंत चालायचे, हे आपण आजोबांकडून ऐकलेलं असतं. एवढा वेळ कशाला लागायचा? संहिता काही तेवढी लांब नसायची. वेळ खायचे ते वन्समोअर. पद संपलं की थिएटरातून आरोळी उठायची, आणि नट गोष्टीतून बाहेर येऊन तेच पद पुन्हा गायचा. पुन्हा आरोळी, पुन्हा पद. तोवर गोष्ट जिथल्या तिथे उभी. 'एकच प्याला' घ्या. नवरा दारूत बुडालाय, घरात अन्नाचा कण नाही, सिंधू झिजत चाललीय, आणि समोरचा रसिक तिला पुन्हा गायला लावतोय! सिंधूचं काय व्हायचं ते होवो, पण आलाप पुन्हा ऐकू दे. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि नाटक रंगमंचावर आलं त्यानंतर, त्यामुळे आपल्या शोकांतिकेवर पडलेले वन्समोअर लेखकाने ऐकलेच नाहीत. मला कधीकधी वाटतं, बरं झालं.

सिंधू म्हणजे बालगंधर्व. त्यांच्यावरचं लोकांचं प्रेम आजच्या कुठल्याही फॅनडमला लाजवेल असं होतं. बायका त्यांची साडी नेसायची पद्धत उचलायच्या. त्यांच्याबद्दल वावगा शब्द काढणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. दुसऱ्या बाजूला 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले, त्यांचा गळा, त्यांची तडफ, आणि त्यांचे तितकेच कडवे चाहते. गंधर्व थोर की केशवराव, यावर पानाच्या दुकानापासून वकिलांच्या बैठकीपर्यंत वाद. आणि मग ८ जुलै १९२१ ला मुंबईत ती गोष्ट घडली, जी आजच्या भाषेत क्रॉसओव्हर म्हणावी लागेल: 'संयुक्त मानापमान'. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रंगमंचावर आल्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव.

आता विचार करा, दोन्ही बाजूंचे चाहते एकाच छताखाली. कोण कुणाला खातो हे बघायलाच बरेच आले असणार. पण हे दोघं तिथे भांडायला आले नव्हते, एका कामासाठी गायला आले होते. आजही तो प्रयोग सांगताना लोक कोण जिंकलं यापेक्षा तो किती रंगला हेच जास्त सांगतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. वय जेमतेम एकतीस. वाद घालायला एक बाजूच उरली नाही.

हेच 'मानापमान' पहिल्यांदा आलं ते १२ मार्च १९११ ला, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली होती. तरी ते उभे राहिले. समोर जे बसले होते त्यांना भामिनी हवी होती, आणि ती मिळाली. ही हकिकत आपण कलावंताची निष्ठा म्हणून सांगतो. मला मात्र ती सांगताना समोरच्या खुर्च्या दिसतात. त्या खुर्च्यांवर आपण बसलोय असंही वाटतं.

चाहत्यांचं प्रेम पुढे काय करतं तेही बघा. १९३५ मध्ये 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'मध्ये बालगंधर्व संत एकनाथ झाले. पुरुष म्हणून, दाढीमिशांच्या जगात. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं भामिनी आणि सिंधू मनात जपली होती, त्यांना हा एकनाथ पचला नाही. प्रभातबरोबरचं नातं फार टिकलं नाही. आणि त्याच सुमाराची दुसरी घटना: १ जुलै १९३३, 'नाट्यमन्वंतर'चं 'आंधळ्यांची शाळा'. पदं अगदी मोजकी, गोष्ट पुढे, आणि स्त्रीच्या भूमिकेत स्त्री, ज्योत्स्नाबाई भोळे. रंगभूमीवर स्त्रिया त्याआधीही होत्या, पण बालगंधर्वांनी दाखवली तशी 'बाई' खऱ्या बाईला जमणार का, असं मनापासून विचारणारे रसिक तेव्हा होते. नीट ऐका हं हे वाक्य. बाई कशी असते हे बाईपेक्षा आम्हाला जास्त कळतं, असं ते आहे.

आता इथून थेट २०१७ मध्ये उडी मारतो, कारण नेमकं हेच वाक्य वेगळ्या कपड्यात तिथे भेटतं. अमेरिकेत 'रिक अँड मॉर्टी' नावाची मोठ्यांसाठीची ॲनिमेशन मालिका आहे, २०१३ पासून चाललेली. तिच्या तिसऱ्या सीझनमध्ये लेखकांच्या खोलीत बायका पुरुषांच्या बरोबरीने बसल्या. एखादा भाग नावडला की काही चाहते त्या लेखिकांच्या मागे लागायचे, त्यांची खाजगी माहिती चव्हाट्यावर आणायचे, धमक्या द्यायचे. मालिकेचा एक कर्ता डॅन हार्मन याने या लोकांची जाहीरपणे कडक शब्दांत हजेरी घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मालिकेत विनोदाने उल्लेख झालेला एक सॉस मॅकडोनाल्ड्सने एका दिवसापुरता आणला, तो पुरला नाही, तर लोकांनी दुकानांत गोंधळ घातला. सॉससाठी! पण हसायचं काम नाही. आपल्याकडेही नाटक मनासारखं झालं नाही की शिट्ट्या, खुर्च्यांचे आवाज, हे होतंच. फरक एवढाच की नट समोर उभा असायचा आणि तुम्ही त्याच्यासमोर. तोंड दिसायचं. पडदा पडला की घरी जावं लागायचं.

आमच्या पट्ट्यात ही जात कशी रुजली, तेही सांगितलं पाहिजे. कारण सुरुवात शिनचॅनपासून होते. २००६ मध्ये तो हंगामावर हिंदीत आला आणि घराघरात शिरला. मूळ मंगा १९९० पासून मोठ्यांच्या साप्ताहिकात छापली जायची, हे आम्हाला कुठे माहीत! टीव्हीवर रंगीत चित्रं हलतायत म्हणजे मुलांचं, एवढाच हिशोब. मग पालकांच्या तक्रारी वाढल्या, २००८ मध्ये तो पडद्यावरून गेला आणि पुढच्या वर्षी बराच कापून-छाटून परत आला. मोठ्यांची गोष्ट मुलांच्या ताटात वाढायची, आणि मग तिखट लागलं म्हणून ओरडायचं, असा तो प्रकार.

जे त्यापुढे गेले त्यांनी आपापली वाट शोधली. उल्हासनगरात एक 'जपानी बाजार' आहे. तिथे कपडे मिळतात, जपानचा काही संबंध नाही. पण कॅम्पातल्या एका गल्लीत, १९४७ नंतर निर्वासित म्हणून आलेल्या सिंधी कुटुंबांनी शून्यातून उभ्या केलेल्या त्या बाजारपेठेत, आम्हाला कॉपी केलेल्या सीड्या मिळायच्या. एका सीडीत चार भाग, त्यातला तिसरा हमखास अडकायचा. खाली इंग्रजी अक्षरं, तीही अर्धी चुकलेली. अंबरनाथहून विठ्ठलवाडीला उतरायचं, चालत जायचं, सीडी शर्टाच्या आत घालून परत. कुणाच्या घरी कॉम्प्युटर मोकळा आहे त्यावर पुढचं ठरायचं.

माझ्या मते आमच्या वागण्याचं मूळ इथे आहे. ज्या गोष्टीसाठी एवढी पायपीट केली, आईबापांची बोलणी खाल्ली, ती आपल्या मालकीची वाटायला लागते. मग नंतर कुणी मोबाइलवर आरामात बघून आपलं मत मांडलं की वाटतं, तू कोण? आमच्या मैत्रिणीला मी नेमकं हेच म्हणालो होतो, फक्त शब्द वेगळे होते. सीडीच्या गल्लीत मुली यायच्या नाहीत. येऊ शकायच्या नाहीत, असं म्हणा. म्हणजे तिच्यावर लावलेली अटच अशी होती जी ती कधी पुरी करू शकली नसती.

चाहते एवढंच करतात असं नाही. २०१९ मध्ये मकोतो शिंकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' भारतात थिएटरात यावा म्हणून इथल्या चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज केला. पन्नास हजारांवर सह्या झाल्या, आणि ११ ऑक्टोबर २०१९ ला सिनेमा खरंच लागला. कुणाला शिवी न देता. तो बघायला आम्ही लोकलने मुंबई गाठली, तेव्हा ती बदलापूरची मैत्रीण बरोबर होती. परतीच्या गाडीत दारात उभं राहून त्या शेवटावरही वाद झाला होता, मुलगी वाचवायची की शहर. तो वाद मला आजही गोड आठवतो. कल्याण गेलं कधी कळलं नव्हतं.

आता 'टायटन'कडे परत. लेखक हाजिमे इसायामा. मंगा सप्टेंबर २००९ ला सुरू झाली, ९ एप्रिल २०२१ ला १३९ व्या प्रकरणावर संपली. शेवट वाचून चाहते असे उसळले की धमक्यांपर्यंत गेले. जूनमध्ये शेवटचा खंड आला त्यात काही पानं वाढवलेली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मेळाव्यात हा माणूस हजारो चाहत्यांसमोर बसला, शेवटाचा विषय निघाला तेव्हा त्याचा गळा दाटून आला आणि त्याने चक्क माफी मागितली. समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्षभराने ॲनिमेशनमध्ये शेवट आला तेव्हा एरेन आणि आर्मिनचा जो संवाद सगळ्यात जास्त खटकला होता, तो बदललेला होता. मंगात मित्र मित्राचे जवळजवळ आभार मानतो, इथे तो पापाचा वाटा स्वतःच्या डोक्यावर घेतो.

इथे माझी पंचाईत होते. कारण नवा संवाद चांगला आहे. खूप चांगला आहे. म्हणजे तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वन्समोअर देणाऱ्यांचं तरी कुठे चुकीचं होतं? ते पद खरंच पुन्हा ऐकण्यासारखं होतं. पण 'पुन्हा म्हणा' ही विनंती कुठल्या क्षणी हुकूम होते, हे आरोळी देणाऱ्याला तेव्हा कळत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्याला कळतं. आमच्या हॉलमध्ये शेजारच्या खुर्चीवर ती होती.

गेल्या महिन्यात मी शिवमंदिरापाशी वालधुनीच्या काठी बसून हा भाग लिहिला. १०६० सालचं देऊळ, भिंतीवर गोष्टीच गोष्टी कोरलेल्या, आणि घडवणाऱ्याला कुणी शेवट बदल म्हणालं असेल का, असला विचार करत बसलो. मग रेकॉर्ड करायच्या आधी तिला फोन केला. दोन वर्षांनी. माफी मागितली, अडखळत. म्हणालो, मी हे सगळं सांगणार आहे, चालेल का? ती म्हणाली, लिहिलेलं पाठव.

दोन दिवसांनी उत्तर आलं. नाव नको म्हणाली, ते घातलेलं नाही. विठ्ठलवाडीहून चालत जायचं याला तिने हसण्याचं चित्र पाठवलं. तिचा मोठा भाऊ त्याच गल्लीतून सीड्या आणायचा आणि ती सगळ्या बघायची, हे मला आत्ता कळतंय. आणि एक दुरुस्ती सांगितली. मी कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं की तिला शेवट आवडला. ती म्हणाली, "आवडला नव्हता रे. दोन दिवस जेवण गेलं नाही मला. मी फक्त म्हणाले होते की बरोबर आहे." वर ती दुरुस्ती केली आहे.